ठाण्यातली १५ घरं

१३२१ साली ठाण्यात ख्रिश्चनांची १५ घरं होती. हो, आपल्याच ठाण्यात, आणि पोर्तुगीजांना वसई मिळायला अजून २०० वर्षं होती. हे वाचलं तेव्हापासून ती घरं माझ्या डोक्यातून जातच नाहीयेत.

आकडा दिलाय ओडोरिक नावाच्या इटालियन फ्रान्सिस्कन साधूने, होर्मुझहून २८ दिवस जहाजातून येऊन तो ठाण्याला उतरला. त्याच्या आधी त्याच्याच पंथाचे चौघं इथे मारले गेले होते, थॉमस, जेम्स, पीटर आणि तिफ्लिसचा डिमेट्रियस. खरं तर त्यांना जायचं होतं कोल्लमला, पण जहाज लागलं ठाण्याला, मग राहिले या १५ पैकी एका घरात. ओडोरिक सांगतो की त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली, साक्षीसाठी साधूंना बोलावलं आणि तिथे विषय मारहाणीवरून धर्मावर गेला, वाद पेटला आणि शेवटी चौघांचे जीव गेले. त्यांचा सोबती जॉर्डनस बाहेरगावी होता म्हणून वाचला, त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन सेंट थॉमसच्या चर्चमध्ये पुरले. म्हणजे सोपाऱ्यात चर्चसुद्धा होतं! पुढे ओडोरिकने ती हाडं पार चीनपर्यंत नेली, आणि १८९४ मध्ये पोपने थॉमसला धन्य घोषित केलं.

पण ती १५ घरं कोणाची? ओडोरिक त्यांना नेस्टोरियन म्हणतो, म्हणजे पर्शियातल्या पूर्वेकडच्या चर्चची माणसं, प्रार्थना सिरियाक भाषेत, रोमशी संबंध नाही. ज्याच्यावरून हे नाव पडलं त्या नेस्टोरियस या धर्मगुरूला ४३१ च्या इफिससच्या धर्मसभेत पाखंडी ठरवलं होतं, त्यामुळे ओडोरिकही या लोकांना सरळ पाखंडीच म्हणून टाकतो. मला हे फार लागलं. अरे, त्याच लोकांनी तुझ्या माणसांना घरात घेतलं होतं ना! आणि हे लोक काही काल आलेले नव्हते, सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की कल्लियानामध्ये पर्शियातून नेमलेला बिशप असतो, आणि बरेच अभ्यासक ते आपलं कल्याणच मानतात.

चार साधूंची नावं ७०० वर्षं टिकली. काझीकडे दाद मागायला गेलेल्या त्या बाईचं नाव मात्र ओडोरिकने लिहिलेलं नाही.