तुम्ही विचारलंत म्हणून: केपे कोणी वसवले?

मी गोव्यातल्या केप्याचा आहे असे कळले की पाहुणे हमखास विचारतात: हे गाव त्या पोर्तुगीज पाद्र्यानेच वसवले ना? चर्चसमोरचा डीनचा, म्हणजे त्या वरिष्ठ पाद्र्याचा, वाडा पाहून आलेले तर विचारतही नाहीत, सरळ सांगूनच टाकतात. याचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी इथल्या कुशावती नदीच्या काठाने वरखाली फिरावे लागते.

होकार एवढ्यापुरता. १७६३-६४ च्या सुमारास हैदर अलीच्या फौजांनी सौंदे संस्थान घेतले, तिथल्या राजाने गोव्यात पोर्तुगिजांचा आश्रय घेतला आणि त्याचा घाटाखालचा मुलूख त्यांच्याकडे गेला. नव्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात मिळवलेल्या मुलखातल्या, या भागात जुझे पावलु द आल्मेदा या डीनने १७८७ मध्ये नदीला लागून वाडा बांधला, समोर चर्च उभे केले आणि बाजार भरवला. आजचे तालुक्याचे केपे या आखणीभोवती वाढले, हे मला मान्य आहे.

पण रानात कोणी बाजार मांडत नाही. विकायला आणि विकत घ्यायला माणसे आसपास असावी लागतात आणि ती इथे होतीच: डोंगरउतारावर कुमेरी, म्हणजे फिरती शेती, करणारे वेळीप समाजाचे लोक, सखल जमिनीत भात पिकवणारे, कुळागरांत माड-पोफळी राखणारे. डीनने त्यांना एका जागी येण्याचे निमित्त दिले.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या साष्टीतली, म्हणजे मडगाव परिसरातली, देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा मडगावच्या दामोदराला भक्तांनी इथून जवळच जांबावलीला आणले, कारण तो मुलूख पोर्तुगिजांच्या हाताबाहेर होता. तिथे कुशावती पणती म्हणून ओळखली जाते. तिथल्या गुलालाच्या उत्सवाला आजही मडगावकर लोटतात. देव घेऊन निघालेल्या माणसांनी आसऱ्यासाठी ओसाड माळ निवडला असेल, असे मला वाटत नाही.

नदीच्या खालच्या अंगाला चांदोर आहे, म्हणजे जुने चंद्रपूर. भोज आणि पुढे कदंब या राजघराण्यांची ही राजधानी. तिथल्या कोट भागात विटांच्या देवळाचा पाया आणि शीर नसलेला नंदी आहे. पाहुण्यांना मी तो मुद्दाम दाखवतो, कारण हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जिथे राजधानी नांदत होती, त्या नदीच्या वरच्या काठावर वस्तीच नव्हती असे म्हणण्याआधी माणूस थोडा थांबतो.

सर्वांत जुना पुरावा मात्र वर रिवणजवळ, पणसायमळला आहे. नदीकाठच्या जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणे, माणसांच्या आकृती आणि एकात एक फिरत जाणारे चक्रव्यूहासारखे वर्तुळ कोरलेले आहे. उभ्या भिंतीवर नव्हे, पायाखालच्या दगडावर, त्यामुळे पाहताना माणूस नकळत चालण्याची जागा बदलतो. स्थानिकांना ही चित्रे ठाऊक होतीच. अभ्यासकांपर्यंत ती १९९३ मध्ये पोहोचली. त्यांच्या काळाबद्दल एकमत नाही, पण ती प्रागैतिहासिक आहेत यावर बहुतेकांचा भर आहे.

तेव्हा पुन्हा कोणी विचारले, तर मी इतकेच सांगेन की बाजार डीनचा आणि गाव त्याच्या कितीतरी आधीचे. वाडा जरूर पाहा, सुंदर आहे. फक्त त्याच दिवशी चांदोर आणि पणसायमळही करा, गाडीने तिन्ही सहज होतात.