समोरच्या पार्टीचं सिंहासन

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात कोणी कोणाकडे जात नाही. बेल वाजलीच तर कुरिअरवाला असतो, नाहीतर बातमी वाईट असते. त्या दुपारी दारात चवथ्या मजल्यावरचे काका उभे होते. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात संत्रा बर्फीचा डबा. आमच्या अपार्टमेंटच्या राजकारणात काका समोरच्या पार्टीचे. टँकरच्या हिशेबावरून आमसभेत आमची अशी जुंपते की चौकीदार खुर्च्या उचलायच्या तयारीतच उभा असतो.

कूलरसमोर बसून काकांनी आधी पाणी प्यायलं, मग ऊन किती आहे ते सांगितलं, मग मुद्द्यावर आले. "वहिनी, आम्ही सगळे बोलूनच राहिलो होतो. हिशेबातलं तुमच्याइतकं कोणाला समजत नाही. या वेळी सचिव तुम्हीच व्हा. आमची अख्खी पार्टी तुमच्या मागे." मी गप्प. विचार करून सांगते म्हणाले. मग दाराशी चपला घालताना, अगदी सहज आठवल्यासारखं करून ते म्हणाले, "आणि टेरेसची किल्ली काय, ती तर सचिवाकडेच राहते."

टेरेसची किल्ली! गच्चीला कुलूप लागल्यापासून माझ्या कुरडया बाल्कनीत वाळतात, निम्म्या उन्हात आणि निम्म्या कबुतरांत. हे दुःख मी कधी आमसभेत मांडलं नाही. नवऱ्याला ते दुःख आहे हेच माहीत नाही. काकांना मात्र नेमकं ठाऊक होतं. म्हणजे वर्षभर हा माणूस माझ्याशी भांडता भांडता माझी बाल्कनी बघत होता. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू का, बरं वाटलं. इतकं लक्ष देऊन आपल्याकडे कोणी बघावं आणि तो शत्रू असावा!

"काय म्हणत होते?" नवऱ्याने आतून विचारलं.

"सचिव हो म्हणाले."

"मग हो ना. बर्फी ताजी आहे."

शल्याची गत अशीच झाली. मद्र देशाचा हा राजा नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. सैन्य घेऊन पांडवांकडे निघाला, तर वाटेत जागोजागी मंडप, पाणी, खाणंपिणं, झोपायची सोय. त्याला वाटलं भाचे काळजी घेताहेत. खूश होऊन म्हणाला, ज्याने ही व्यवस्था केली त्याला बोलवा, हवं ते देतो. समोर आला दुर्योधन, आणि त्याने मामालाच मागून घेतलं. अठरा अक्षौहिणींच्या युद्धातला एवढा मोठा पक्षबदल, पण त्यात मोहाचा प्रसंग म्हणावा असं काहीच नाही. माणूस जेवला आणि फसला, एवढंच. त्यामुळे शल्यावर कोणी रडत नाही.

रडायला कर्ण लागतो.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातलं. जवळच्या देवळात उन्हाळ्यात कीर्तनाचा सप्ताह बसायचा आणि आजी मला घेऊन जायची. तिची जागा ठरलेली, डावीकडच्या खांबाला टेकून. माझी जागा तिच्या मांडीवर, पुढे पुढे नुसती शेजारी. बुवा अंगाने लहानसे होते, पण आवाज असा की देवळाबाहेर बसलेल्या रिक्षेवाल्यांना अख्खं आख्यान फुकटात ऐकू यायचं. बुवांना एक वाईट खोड होती. गोष्ट ऐन भरात आली की थांबायचे, चिपळ्या वाजवून विठ्ठलाचा गजर घ्यायचे आणि म्हणायचे, "पुढचं उद्या." त्यांना माणसं टिकवायची होती. आमची मात्र झोप जायची.

कर्णाच्या आख्यानात ते नेमके कुठे थांबावेत? कृष्णाची शिष्टाई फसली आहे. हस्तिनापुरातून निघताना त्याने कर्णाला आपल्या रथात घेतलं आहे आणि सांगितलं आहे की बाबा, तू कुंतीचा थोरला मुलगा. चल माझ्याबरोबर, तुला आजच राजा करतो. पाचही भाऊ तुझे पाय धरतील. युधिष्ठिर युवराज होईल आणि तुझ्यामागे पांढरी चवरी घेऊन बसेल. भीम तुझ्या डोक्यावर छत्र धरेल. अर्जुन तुझा रथ हाकेल. इथे बुवा एक एक भाऊ हाताने उभा करायचे. भीमाच्या वेळी टाचा उंचवायचे, कारण त्यांना भीम व्हायचं म्हणजे तेवढं करावंच लागे. मूळ महाभारतात याच यादीत कृष्ण द्रौपदीचंही नाव घेतो, सहाव्या पाळीला तीही तुझ्याकडे येईल म्हणतो. बुवा ते गाळायचे. समोर आज्या बसलेल्या असत. "आणि कर्ण काय म्हणाला?" बुवा विचारायचे, आम्ही श्वास धरायचो, आणि "बोला पुंडलिक वरदे..."

रात्री आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. संध्याकाळी बादल्या ओतून गच्ची गार करायची, ती वाफ ओकायची, मग कधीतरी दहानंतर गाद्या. अंगावर ओलं पांघरूण घेऊन मी कर्णाला 'हो' म्हणायला लावायचे. रोज. घरात मी सगळ्यांत धाकटी, त्यामुळे सगळे उठून उभे राहतात आणि एकाच्या हातात छत्र असतं हे दृश्य मला फार आवडायचं. पंख्याच्या समोरची जागा थोरल्या दादाची होती. त्याच्या हातात मी चवरी द्यायचे. युद्ध नाही, अभिमन्यू मेला नाही, घटोत्कच जिवंत, सगळे एका पंगतीत जेवताहेत.

"आजी, तो हो म्हणाला तर?"

"मग बुवा पुढचा आठवडा काय सांगतील बाप्पा?" आजी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

पुढे मोठी झाल्यावर उद्योगपर्वातलं कर्णाचं उत्तर वाचलं आणि जरा गडबडलेच. मला वाटलं होतं तो धर्म, मैत्री, वचन असं काहीतरी छाती फुगवून बोलेल. ते येतंच, दुर्योधनाच्या आश्रयाने मी तेरा वर्षं बिनघोर राज्य भोगलं, अख्ख्या पृथ्वीसाठीही ते खोटं करणार नाही, असं तो म्हणतो. पण त्याच्या आधी येते राधा. अधिरथाने मला घरी आणलं तेव्हा मायेने तिला पान्हा फुटला, तिने माझं हगणं-मुतणं काढलं, असं तो कृष्णाला सांगतो. समोर साक्षात कृष्ण, हातात अख्ख्या कुरुकुलाचं राज्य, आणि हा माणूस लंगोटांबद्दल बोलतो. मला नाव अधिरथाने ठेवलं, लग्नं त्याने लावून दिली, मुलं-नातवंडं झाली, माझा जीव तिथे अडकलाय. बस. कृष्णाच्या यादीत छत्र होतं, चवरी होती, रथ होता. कर्णाला जन्मभर जे मिळालं नाही ते सगळं मोजूनमापून होतं. कर्णाने उत्तरादाखल जे मिळालं होतं ते पुढे ठेवलं.

रावणानेही हा डाव सुग्रीवावर टाकून पाहिला होता. शुक नावाच्या राक्षसाला पक्षी करून पाठवला आणि निरोप दिला की तू मला भावासारखा, रामाची बायको मी पळवली तर त्यात तुझं काय गेलं, किष्किंधेला परत जा. वानरांनी शुकाला धरून त्याचे पंखच उपटायला घेतले. रावणाचा अभ्यास कच्चा होता. सुग्रीवाची बायको त्याच्या भावानेच हिसकावली होती, आणि त्यालाच विचारायचं, तुझं काय गेलं?

नागपूरकरांनी मात्र या विषयावर जरा जपूनच बोलावं. आमच्या जानोजी भोसल्यांना निजामाने असंच गाठलं होतं. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने ओळखलं की हा माणूस आडनावाने भोसले आहे आणि साताऱ्याच्या गादीकडे नजर गेली की त्याचे डोळे चमकतात. तेवढं आमिष पुरलं. 1763 साली जानोजी निजामाबरोबर होते आणि निजामाच्या फौजांनी पुणं लुटलं. मग पेशव्यांनी बत्तीस लाखांचा मुलूख देऊ केला आणि ऑगस्टमध्ये राक्षसभुवनच्या लढाईत जानोजी निजामाला सोडून बाजूला झाले. विठ्ठल सुंदर तिथेच मारला गेला. दोन शत्रूंकडून दोन वेळा 'हो'. पुढे माधवराव पेशव्यांनी त्यातलं बरंचसं परत काढून घेतलं, ते वेगळं.

पण आम्ही दरवर्षी जाळतो ती बाकाबाईला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभं राहिलेल्या कोणालाही ही गोष्ट सांगायला नको. पिवळी मारबत, काळी मारबत, म्हणजे बायांचे मोठाले पुतळे, मधे बडगे, म्हणजे पुरुषांचे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" आणि पाऊस असो नसो, पायाला चिखल. काळी मारबत 1881 पासून निघते आणि ती इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाईची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मीही खांद्यावर बसून ओरडले आहे. ही बाई कोण, तिने नेमकं काय केलं, हे तेव्हा कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. एवढी मोठी काळी बाई, लोंबणारी जीभ, आणि ती गावाबाहेर चालली आहे. आणखी काय पाहिजे?

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजींची विधवा. ते 1816 मध्ये गेले. मुलगा परसोजी आजारी, अपंग. पुतण्या अप्पासाहेबाला कारभार हवा होता, आणि त्यासाठी त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला तो अप्पासाहेबांनी. बाकाबाईने नव्हे. पुढल्या वर्षी परसोजीचा खून झाला, अप्पासाहेब गादीवर आले, मग पेशव्यांकडून सेनासाहेबसुभा या किताबाची वस्त्रं घेतली आणि नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांशी लढले. हरले, पकडले गेले, पळाले, डोंगरात फिरले आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले. आज ते आमचे लढवय्ये. असायलाही हरकत नाही. आधी हो आणि नंतर नाही म्हणणाऱ्याला लोक माफ करतात. त्यांना गादीवरून काढल्यावर इंग्रजांनी लहानग्या तिसऱ्या रघुजीला बसवलं आणि बाकाबाईला त्याच्या नावाने राजप्रतिनिधी केलं. खरा कारभार रेसिडेंट जेन्किन्सचा. तिला मिळालेलं सिंहासन हे एवढं.

1853 च्या डिसेंबरात रघुजीही वारस न ठेवता गेला. इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावाला काढले. तेव्हा ही म्हातारी म्हणाली, वाड्यातलं सामान हलवलंत तर वाडाच पेटवून देईन. इंग्रजांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. राज्य गेलं तेव्हा तिने काय केलं यावर वाद घाला, 1857 मध्ये ती इंग्रजांच्या बाजूने राहिली तेही तिच्या नावावर मांडा. पण खुर्च्या-पलंगांसाठी वाडा जाळायला निघालेली ती बाई मारबतीच्या मिरवणुकीत मला कधी दिसली नाही. तिथे फक्त जीभ दिसते. आणि जानोजींची मारबत का नाही हो? आजीला हे विचारायचं राहून गेलं. तिने काय उत्तर दिलं असतं याचा मला अंदाज आहे. "पुरुषाला लुगडं कोण नेसवणार?"

सचिवपदाला मी नाही म्हटलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी तिन्ही विंगांमध्ये पोचली, कारण ती मीच पोचवली. नाही म्हणण्यातलं अर्धं सुख सांगण्यात असतं. पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "बाई, तुझी कमाल आहे!" आणि त्या एका वाक्यावर माझा आठवडा छान गेला.

कर्णाने हे सुखही घेतलं नाही. कृष्णाला सगळं उत्तर देऊन झाल्यावर तो एक विनंती करतो: आपलं हे बोलणं युधिष्ठिराला सांगू नकोस. थोरला मी आहे हे कळलं तर तो राज्य घेणार नाही. मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देईन. राज्य युधिष्ठिराकडेच असू दे. गच्चीवर पडून मी किती रात्री त्याला हो म्हणायला लावलं, पण हे वाक्य बुवांनी सांगितल्याचं आठवत नाही. नंतर अनेकदा वाटलं की खरा नकार इथे आहे. राज्याला नाही म्हणणारे पुष्कळ असतील. आपण नाही म्हणालो हे कोणालाच कळू नये अशी व्यवस्था करून मरायला जाणारा कर्णच.

युधिष्ठिराला कळलं ते युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी द्यायच्या वेळी. कुंतीने सांगितलं, कर्णालाही पाणी दे, तो तुमचा थोरला. तो कोसळला. आणि पुढे त्याच दुःखात त्याने शाप दिला की यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही.

आता बघा. कृष्णाला हे माहीत होतं. कर्णाला माहीत होतं. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनाही माहीत होतं, त्यांनी कर्णाला तसं बोलूनही दाखवलं. तिघांनीही तोंड उघडलं नाही. शेवटी सांगितलं ते एका बाईने, आणि शाप कोणाला? पहिल्या मजल्यावरच्या मावशींना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे ना, कोण पाळतं आता शापबिप, आणि मग आवाज खाली करून दुसऱ्या विंगमधल्या घटस्फोटाचं सांगू लागल्या.