भजी नव्हे, भज्जी

डिसेंबरातल्या आमच्या सहा दिवसांच्या सहलीत काय पाहिलं असं कुणी विचारलं तर नळदुर्गचा किल्ला, तुळजापूरची गर्दी आणि लातूरच्या हॉटेलात सकाळी सातनंतर गार होणारं गरम पाणी, एवढं सांगून मी मोकळी होते. लिहायला मात्र बसले आहे ती 30 डिसेंबर 2024 च्या सोमवारबद्दल. त्यातही एका मैत्रिणीबरोबर बोअरच्या नळापाशी भांडी घासत घालवलेल्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल.

तिची-माझी ओळख 2013 ची. फेसबुकवर कुणीतरी रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यापुढे हात टेकले होते आणि आम्ही दोघींनी एकाच मिनिटाला एकच उत्तर दिलं. चुकीचं. तेव्हापासून दर रविवारी अर्धवट भरलेल्या चौकटींचे फोटो इकडून तिकडे जातात. कोड्यावरून मुलांचे दहावीचे मार्क, सासूबाईंचे गुडघे, बदल्या, थायरॉइड असं सगळंच बोलणं व्हायला लागलं. ती औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर 'लातूर उभे-आडवे' या नावाने आहे. अकरा वर्षांत आम्ही फोनवर एकदाही बोललो नव्हतो, कारण दोघींनाही फोनवर बोलायचा कंटाळा. लिहायचा नाही.

दर डिसेंबरात तिचा निरोप ठरलेला: 'येळवशीला ये, भज्जी खायला.' मी दर वर्षी मनात म्हणायची, भजी खायला कोण पुण्याहून लातूरला जातं? तिच्या हातून एक ज जास्त पडतो, असंच मी धरून चालले होते.

या वेळी मुलाच्या नाताळच्या सुट्टीत येळवशीची अमावस्या आली आणि नवऱ्याला नळदुर्ग बघायचाच होता, म्हणून जमलं. पाणीमहाल खरोखर बघण्यासारखा आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात खोल्या काढायच्या आणि वरून सांडवा वाहत असताना आत बसून तो पडदा बघायचा, हे 1613 साली इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत कुणाला तरी सुचलं. आम्ही गेलो तेव्हा नर आणि मादी दोन्ही धबधबे कोरडे होते. नवऱ्याने कोरड्याचेच चाळीस फोटो काढले. तुळजापुरात रांग बघून महाद्वारापासूनच हात जोडले. देवी समजून घेईल.

सोमवारी सकाळी लातुरात उठलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानांची शटरं खाली, रिक्षा नाहीत, चहाची टपरीसुद्धा बंद. मुलाने विचारलं, 'दंगल झालीय का?' हॉटेलात नाश्ता नव्हता, कारण आचारी शेतात गेला होता. काउंटरवरचा पोरगाही हातात किल्ली घेऊन आमच्या जाण्याची वाट बघत होता. 'तुम्हाला कुणी बोलावलं नाही का?' त्याने फार काळजीने विचारलं. बोलावलं आहे म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. नाहीतर चला आमच्या शेतात, असं तो म्हणणार होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शहराबाहेर पडल्यावर ती माणसं सापडली. औसा रोडला टेम्पो, जीप, ट्रॅक्टर आणि एकेका मोटारसायकलवर चौघं. मागे बसलेल्या बाईच्या डोक्यावर टोपली, टोपलीवर धुतलेलं फडकं. वेळ अमावस्या, तिकडच्या बोलीत येळवस. लातूर आणि धाराशिवकडे या दिवशी घरात कुणी जेवत नाही. शेत नसलेला माणूस शेत असलेल्याकडे जातो. सीमेपलीकडे कर्नाटकात हीच एळ्ळ अमावास्या.

तिच्या माहेरचं शेत किल्लारीच्या अलीकडे. रस्त्यावरच कडेला उभी राहून ती हात करत होती. मी मनात एक बुटकी, चष्म्यातली बाई रंगवली होती, का ते माहीत नाही. ही चांगली उंच, माझ्यापेक्षा वीतभर. गाडीतून उतरून मिठी मारायची असं मी सोलापूरपासून ठरवत आले होते. प्रत्यक्षात मी म्हणाले, 'पोचलो एकदाचे.' आणि ती म्हणाली, 'आपला प्रवास कसा झाला?'

आपला! अकरा वर्षं 'तू' आणि वर आणखी चार शेलक्या हाका.

पुढचे तीन तास ती मला भेटलीच नाही. म्हणजे डोळ्यांसमोर होती, पण वाढत होती. ज्वारीच्या पिकात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधलेली, त्यावर नवी शाल. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली, तिचे काका पळसाच्या पानाने आंबील शिंपडत पिकाभोवती फिरले आणि त्यांच्या मागे सगळी पोरं काहीतरी ओरडत. मला 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असं ऐकू आलं. शब्द कानडी वळणाचे. अर्थ विचारला तर काका म्हणाले, 'आमच्या आज्यानं पण इचारला नव्हता.'

मग पंगत. आणि भज्जी. ती तळलेली नसते! ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणे, पालेभाज्या, चिंच, लसूण, डाळीचं पीठ असं सगळं एकत्र शिजवून केलेलं दाट प्रकरण, रंगाला फार बरं नाही, चवीला असं की मी तीनदा घेतलं. सोबत बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदगीतली ज्वारीची आंबील. अकरा वर्षं एका ज वरून मी तिला मनातल्या मनात हसत होते, ते त्या पत्रावळीवर बसून गिळलं.

पाहुणचाराबद्दल माझं मत सांगते, पटो न पटो. पोट भरल्यावरही वाढत राहणं हा प्रेमाचा भाग असेल, पण पाहुण्याला ती शिक्षा असते. इथे तर एका शेतात जेवून सुटका नाही. बांधाला बांध लागून शेजारी, त्यांचे चुलते, चुलत्यांचे मित्र, सगळे हाताला धरून नेतात आणि नाही म्हटलं तर तोंड पाडतात. आम्ही चार शेतांत जेवलो. नवरा तिसऱ्यात आंब्याखाली आडवा झाला. मुलगा मात्र कुणाच्या तरी बैलगाडीत गायब होता.

आणि या गडबडीत मला ते ऐकू यायला लागलं.

ती काकूंना म्हणत होती, 'बिंदगी उनात कामून ठेवलालाव?' भावाला म्हणत होती, 'तू कवा येलालास?' वहिनीशी, पोरांशी, वाटेवरच्या म्हाताऱ्याशी, सगळ्यांशी भराभर, मोठ्याने, हसत. तिचा आवाजच वेगळा होता. मग माझ्याकडे वळून, जरा थांबून, 'तुम्हाला अजून थोडी खीर वाढू का?' जणू पाठ केलेलं. मी 'तू म्हण ना' म्हटलं की ती 'हो हो' म्हणायची आणि पुढच्या वाक्यात 'तू' आणायची, पण बाकीचं वाक्य तसंच इस्त्री केलेलं.

त्या 'येलालास'ने मला एकदम 2016 आठवलं. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीच्या बातम्या आम्ही पुण्यात नळ सोडून दात घासता घासता बघितल्या. त्या दिवशी तिने लिहिलं होतं, 'पाणी येलालंय बघ रेल्वेनं.' आणि मी उत्तर दिलं होतं, 'येलालंय की येतंय?' पुढे हसरा चेहरा. शब्दकोडी सोडवणारी माणसं आम्ही, आपसात एवढं चालतं, असं मला वाटलं असणार. त्यानंतर तिच्या निरोपांत एकदाही 'येलालंय' आलं नाही. मला ते तेव्हा जाणवलंही नव्हतं.

आजीशेजारी मला बसवलं होतं. आजी ऐंशीच्या पुढच्या, आणि त्यांच्या सगळ्या हकिकती दोनच काळांत, भूकंपाच्या आधी आणि भूकंपानंतर. 'उलसं घे माय,' म्हणत त्या माझ्या पेल्यात आंबील ओतायच्या. उलसं म्हणजे थोडंसं, पण पेला काठोकाठ. बोलता बोलता नातीकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'हिला माळवदाखालनं काढली, तवा नऊ वर्साची व्हती.' दगडामातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बोळवून दमून झोपलेल्या माणसांवर तेच आलं. तिने आजीकडे नुसतं बघितलं आणि माझ्या पानात उंडा टाकला. मी खाली बघून खाल्ला.

तीनच्या सुमाराला तिच्यापाठोपाठ भांडी घेऊन बोअरपाशी गेले. पाहुणीने भांडी घासायची नाहीत यावर थोडं भांडण झालं, मग तिने राख माझ्याकडे सरकवली.

'2016 चं तुला आठवतं का?' मी विचारलं आणि सगळं सांगितलं. नीट, वाक्यासकट, हसऱ्या चेहऱ्यासकट.

तिने हातातलं पातेलं खाली ठेवून खरंच विचार केला. 'नाही गं. त्या उन्हाळ्यातली मला फक्त भांडी आठवतात. वाट्यासुद्धा भरून ठेवायचो.'

मला हायसं वाटलं आणि, खरं सांगते, किंचित रागही आला. तीन तास मी जे उराशी घेऊन बसले होते ते तिला आठवतही नव्हतं!

'मग माझ्याशी असं पुस्तकातलं का बोलतेस?'

'तू पुण्याची ना. शाळेत तपासणीला आल्यासारखी वाटतेस.' ती हसली. मीही हसले, गरजेपेक्षा मोठ्याने. मग ती राखेने पातेलं घासत म्हणाली, 'आणि मी तरी काय करते? पोरगं वर्गात येलालो म्हणालं की मीच त्याला येत आहे म्हण, असं सांगते. त्याचाच पगार घेते.'

यावर मला काही सुचलं नाही. नळाला पाणी चांगलं येत होतं. आम्ही उरलेली भांडी विसळली, मग तिने कोड्यांचा विषय काढला आणि पाच मिनिटांत आम्ही 'खलबत' आणि 'खलित्या'वरून वाद घालत होतो, अगदी रविवारसारखा. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

अंधार पडताना तिच्या भावाने कडब्याचा हेंडगा पेटवला आणि तो पेटता घेऊन पोरं शेताच्या कडेने पळत सुटली. त्यात माझा मुलगाही होता. मी ओरडणार होते, पण तिथली एकही आई ओरडत नव्हती. निघताना तिने स्टीलचा डबा दिला, भज्जीचा, झाकणावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं. मी धीर करून म्हणाले, 'मी निघलाले.' काकू आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. बरोबर होतं की चूक ते कुणी सांगितलं नाही.

रात्री हॉटेलात झोप येईना, इतक्या जेवणानंतर येणारही नव्हती. फोनवर मागे मागे जात राहिले. 30 सप्टेंबर 2018 हा रविवार होता. त्या दिवशी तिच्याकडून कोडं आलेलं नाही. मी दोनदा विचारलेलं दिसतं. दुसऱ्यांदा 'हरलीस का?' असं.

पुढचे दोन दिवस खरोशाची लेणी आणि परतीचा प्रवास. भिगवणच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडीच तास गेले, तेवढ्यात गाडीभर भज्जीचा वास.

5 जानेवारीच्या रविवारी नेहमीसारखं कोडं. चौदा आडवा, 'थोडेसे', तीन अक्षरं. मी 'किंचित' पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'उलसं'. मी लिहिलं, बसत नाही, नऊ उभा अडतो. 'बसव की,' ती म्हणाली.

पेनाने लिहिलं. नऊ उभा अजून अडलेलाच आहे. डबाही इथेच आहे, आणि तो रिकामा पाठवायचा नाही म्हणून त्यात काय भरावं यावर घरात दोन आठवडे चर्चा चालू आहे. नवरा म्हणतो, कांदाभजी.