तासभर फक्त व्हायोलिन

आज ऑफिसात एकाशी कडाक्याचं वाजलं. घरी आले तरी तीच वाक्यं डोक्यात फिरत होती. कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून व्हायोलिन काढलं.

पहिली दहा मिनिटं मोकळ्या तारेवर नुसता गज, म्हणजे वाजवायची काठी, फिरवत राहिले. वरपासून खालपर्यंत, सावकाश. राग हातात असला की गज थरथरतो आणि सूर फाटतो, लपवायची सोयच नाही. मग खांदा सैल सोडावा लागतो, श्वास आपोआप लांबतो. व्हायोलिनला सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात. बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो, त्यामुळे कान पूर्णपणे तिथंच लागतात. भांडणाला जागाच उरत नाही!

त्रेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागले. १९९५ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात एक संशोधन आलं होतं: तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना प्रतिसाद देणारा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला. लहानपणी सुरुवात केलेल्यांमध्ये हा फरक जास्त होता. पूर्वी हे वाचून हळहळ वाटायची, आता वाटत नाही. मला जे मिळतंय ते आज संध्याकाळीच मिळालं.

आणखी एक. इथं चुकलं की कुणी हिशोब मागत नाही. बेसूर लागला, ऐकला, बोट सरकवलं, पुन्हा वाजवलं. दिवसभरात इतकी साधी दुरुस्ती दुसरीकडे कुठं करायला मिळते?

तास कधी संपला कळलं नाही. लेक दारात येऊन म्हणाली, “आई, आज काहीतरी नवीन वाजवलंस ना?”

नाही गं, कालचेच स्वर होते.