तान्ह्या बाळाची झबली

आज दिवसभर मलमलची झबली शिवली. दिसायला सोपं काम, पण खरी परीक्षा गळ्याची.

कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच बेतायचं. कोरं मलमल पहिल्या धुण्यात आटतं आणि झबलं आखूड होतं. नवजात बाळासाठी उंची अकरा-बारा इंच, छातीचा घेर अठरा ते वीस इंच, मुंढा (बाही जोडायची खाच) चार इंच पुरतो. समोरून पूर्ण उघडं ठेवा. मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यातून कपडा घालणं आईला आणि बाळाला दोघांनाही जड जातं.

गळा कापला की लगेच कडेला एक टीप मारून घ्या, नाहीतर हाताळताना तो ताणून पसरतो. गळ्याची पट्टी उरेबच हवी, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेने कापलेली, सव्वा इंच रुंद. कापड वाचवायला सरळ पट्टी लावली तर गोलाईवर चुण्या पडतातच, कितीही इस्त्री करा. पट्टी दुमडण्याआधी शिवणीच्या मार्जिनला छोटे काप द्यायचे, टीप मात्र सांभाळून.

बाजूची शिवण आधी सुलट बाजूने पाव इंचाच्या आत, मग कापड उलटवून आतून पाव इंचावर. धाग्यांची टोकं आतच बंद होतात, बाळाच्या काखेत टोचत नाही. ओव्हरलॉकपेक्षा (कडेवर धागा गुंफणाऱ्या मशीनच्या शिलाईपेक्षा) हीच शिलाई मला पटते, वेळ लागला तरी.

सुई अकरा नंबरची. कापड मशीनच्या दातऱ्यात ओढलं जात असेल तर खाली वर्तमानपत्राऐवजी कोरा पातळ कागद ठेवा, शाई लागत नाही. बटणं नकोत, नाड्याच लावा, पण आखूड, आणि मुळाशी टीप तीनदा फिरवून.