डाख न देता जोडलेली नळी

आमचं घर इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे, १९७० च्या दशकातलं. पाण्याच्या नळ्या तांब्याच्या, १५ आणि २२ मिलिमीटरच्या, आणि सांधे डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून जोडलेले. त्यातला न्हाणीघराच्या लाकडी जमिनीखालचा एक सांधा पाझरू लागला आणि खाली स्वयंपाकघराच्या छतावर पिवळा डाग उमटला. तो सांधा मी डाख न देता, हाताने दाबून बसवायच्या 'पुश-फिट' जोडण्यांनी बदलला. इकडे येऊन जुनं घर घेणारी बरीच मराठी माणसं आहेत आणि प्लंबर लगेच मिळत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. म्हणून तपशिलात लिहिते.

फळ्या उचलल्यावर थंड पाण्याच्या नळीवरची, बेसिनकडे फाटा जाणारी 'टी', म्हणजे तीन तोंडांची जोडणी, दिसली. सांध्याभोवती हिरवी पुटं चढलेली. बहुधा जुन्या फ्लक्सचं काम. आपल्याकडे कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतो ना, त्याचंच काम फ्लक्स करतो: तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो, मग कथील धातूला धरतं. पण जोडकाम झाल्यावर तो पुसला नाही, किंवा नळीच्या आत जास्त गेला, तर वर्षानुवर्षं तांबं खात राहतो आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडतं.

पुन्हा डाख द्यायला हरकत काय होती? पहिली हरकत पाण्याची. स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणारं पाणी तोडायची मुख्य तोटी, बंद केला, खालचा नळ उघडून नळ्या रिकाम्या केल्या, तरी थेंब थेंब येतच होतं. जुना स्टॉपकॉक पूर्ण बसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांना शिशाचा डाख लावायला इथे १९८७ पासून बंदी आहे. त्याऐवजी वापरतात तो कथील-तांब्याचा डाख २२७ अंश सेल्सिअसला वितळतो. नळीत पाणी असेल तर ते उकळून वाफ होईपर्यंत तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जातच नाही. किती का ज्योत लावा, डाख धरत नाही. जुने प्लंबर अशा वेळी नळीत पांढऱ्या पावाचा गोळा कोंबतात. तो पाणी अडवून धरतो आणि नंतर विरघळून नळातून निघून जातो.

दुसरी हरकत मला जास्त महत्त्वाची वाटली. ती 'टी' दोन तुळयांच्या मधे, एका तुळईला जवळजवळ टेकून होती. शेजारून विजेची केबल गेलेली, आणि तुळयांमध्ये पन्नास वर्षांचा भुसा, धूळ, कागदाचे कपटे. तिथे अग्निरोधक चटई मागे धरून गॅसची ज्योत लावणारे लोक आहेत आणि सराव असेल तर ते व्यवस्थित करतात. मला सराव नाही, आणि लाकूड आतून धुमसत राहून काही तासांनी पेट घेऊ शकतं. मुलं त्याच मजल्यावर झोपतात.

बाबांना व्हिडिओ कॉलवर हे दाखवलं. ते कोल्हापूरकडे साखर कारखान्यात फिटर होते. आटे पाडणं, ताग गुंडाळून सफेदा लावणं, दोन पाने घेऊन आवळणं यात त्यांचा जन्म गेला. मी ती जोडणी कॅमेऱ्यासमोर धरली. ते म्हणाले, "आटे नाहीत, सफेदा नाही, आवळायचंही काही नाही. मग पाणी अडतं कशानं गं?"

प्रश्न अगदी नेमका होता. जोडणीच्या आत दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळी कामं करतात. एक रबराची ओ-रिंग. ती नळीच्या बाहेरच्या अंगाला घट्ट बसते आणि पाणी तीच अडवते. दुसरी, स्टीलच्या बारीक दातांची कडी. दात आतल्या बाजूला कललेले असतात, त्यामुळे नळी आत जाते पण बाहेर ओढली की दात तांब्यात रुततात. पाण्याचा दाब नळीला बाहेर ढकलतो, तेवढी पकड वाढते. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे सगळं त्या रबरावर. मग नळीचं तोंड गुळगुळीत पाहिजे." दुकानातल्या माणसाने मला बरंच सांगितलं होतं, पण या कामाचं मर्म त्या एका वाक्यात होतं.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासल्या आणि त्या कुणीही टाळू नयेत. त्याच फळ्यांखालून गॅसचीही तांब्याची नळी जाते, दिसायला अगदी पाण्याच्या नळीसारखी. ती मीटरपासून बॉयलरपर्यंत कुठून जाते हे आधी शोधून तिच्यावर पिवळी चिकटपट्टी लावली. पाण्याच्या पुश-फिट जोडण्या गॅसला अजिबात चालत नाहीत, आणि गॅसच्या कामाला इथे कायद्याने 'गॅस सेफ' नोंदणी असलेलाच माणूस लागतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. घरातल्या धातूच्या नळ्या हिरव्या-पिवळ्या वायरने अर्थिंगला जोडलेल्या असतात. तांब्याच्या सलग नळीत प्लास्टिकचा तुकडा आला की ती विद्युत-सलगता तुटते. पाणी गळत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. मी मधे प्लास्टिकचीच नळी घालणार होते, म्हणून इलेक्ट्रिशियनला आधी विचारलं. त्याने नंतर येऊन तुकड्याच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याला क्लॅम्प लावले, मधे वायर टाकली आणि मोजून खात्री केली.

माप घेतलं. आमच्या नळ्या मिलिमीटरमधल्या निघाल्या, ते बरं झालं. त्याआधीच्या घरांत इंचाच्या नळ्या असतात. पाऊण इंची नळी २२ मिलिमीटरपेक्षा किंचित बारीक असते. तिच्यावर २२ ची पुश-फिट जोडणी बसल्यासारखी वाटली तरी भरवशाची नाही. तिथे खास ऑलिव्ह, म्हणजे नळीवर आवळली जाणारी धातूची कडी, घालून नट आवळायची कम्प्रेशन जोडणी करावी लागते.

मग कापणं. करवत वापरायची नाही. तिने बाहेरच्या कडेला धारदार कंगोरे उभे राहतात आणि तेच ओ-रिंगला चिरतात. नळीभोवती फिरवायचा चाकाचा कटर तुळईजवळच्या अरुंद जागेत कसाबसा फिरला. कट सरळ आला, पण चाक धातू आत दाबतं, म्हणून आतली कडही घासून घेतली. 'टी' काढल्यावर एका टोकाला जुन्या डाखाचा थेंब ओघळून घट्ट झालेला होता. तो घासत बसण्यापेक्षा चांगलं तांबं लागेपर्यंत नळी आणखी मागे कापली. बोटाने नळीभोवती चाचपलं: डोळ्याला न दिसणारा ओरखडा नखाला लागतो. बारीक जाळीने साफ केलं, ओल्या फडक्याने भुकटी पुसली.

मधल्या भागासाठी तांब्याऐवजी १५ मिलिमीटरची प्लास्टिकची नळी निवडली. कारण साधं आहे. तांब्याच्या दोन ठाम टोकांमध्ये तांब्याचा सरळ तुकडा बसवायचा तर दोन्ही बाजूंना आत सरकवायला जागा लागते, आणि ती तुळयांमध्ये अडकलेल्या नळीला नसते. प्लास्टिकची नळी थोडी वाकते. पण तिच्या प्रत्येक टोकात आतून आधार देणारी नळकांडी, म्हणजे इन्सर्ट, घालावीच लागते. नाहीतर ओ-रिंगच्या दाबाखाली नळी आत दबते.

बसवण्याआधी जोडणी नळीशेजारी धरून, आत किती खोल जायला हवी तिथे पेन्सिलची खूण केली. ही खूण फार कामाची. नळी ढकलताना आधी ओ-रिंगचा अडथळा लागतो आणि इथेच माणसाला वाटतं की पोचली. तिथून आणखी जोर लावून, किंचित फिरवत ढकलावं लागतं. खूण जोडणीच्या तोंडाशी आली की खरी बसली. मग उलटी जोरात ओढून पाहिली. माझ्या जोडण्यांना टोपी फिरवून कुलूप लावायची सोय होती, तीही केली. सरकायला त्रास झाला तर फक्त सिलिकॉनचं वंगण वापरावं. पेट्रोलियमवर आधारलेल्या ग्रीसने ते रबर फुगतं.

नवऱ्याला स्टॉपकॉकपाशी उभं केलं आणि पाणी अगदी हळू सोडायला सांगितलं. आधी हवा फुरफुरली, मग नळी भरल्याचा आवाज आला. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळला होता. बोटाला न जाणवणारा ओलावाही कागदावर दिसतो. त्या रात्री फळ्या उघड्याच ठेवल्या आणि मुलांना दुसऱ्या खोलीत झोपवलं. सकाळी कागद कोरडे होते, तरी आणखी काही दिवस पाहत राहिले आणि मगच फळ्या बसवल्या.

आता माझं मत. पुश-फिट म्हणजे तात्पुरतं काम, असं इथले काही जुने प्लंबर म्हणतात. मला ते पटत नाही. नळीचं तोंड नीट केलेलं असेल, नळी तिरकी ताणलेली नसेल आणि जवळ क्लिपांनी आधार दिलेला असेल, तर हा सांधा पक्का आहे. गळतात ते बहुतेक अर्धवट ढकललेले किंवा ओरखडलेले. पण सगळीकडे तो नको. बॉयलरपासून पहिला मीटरभर तांबंच हवं, कारण तिथल्या उष्णतेला प्लास्टिक टिकत नाही. रेडिएटरखालच्या क्रोमचा मुलामा दिलेल्या नळ्यांवर पुश-फिटचे दात धरत नाहीत, पृष्ठभाग फार कडक असतो. तिथे आधी खाच पाडावी लागते किंवा कम्प्रेशन जोडणी करावी. आणि बसवलेल्या पुश-फिटच्या जवळ नंतर कुणी डाख देऊ नये, उष्णतेने आतलं रबर जातं.

त्याच खोलीतली गरम पाण्याची नळीही तितकीच जुनी आहे. तिच्या सांध्यांवर अजून हिरवं काही नाही, पण एक सांधा बॉयलरला लागून आहे. तेवढा डाख देणाऱ्याकडूनच करून घेणार आहे, आणि तोही बॉयलरच्या वार्षिक तपासणीला नोंदणीकृत माणूस येईल तेव्हा. दुरुस्तीच्या जागेवरची फळी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवली आहे. तिच्या खालच्या बाजूला मार्करने लिहिलंय: कुठली नळी कुठे जाते, कुठे प्लास्टिक आहे, अर्थिंगची वायर कुठून कुठे गेली आहे, आणि जोडणी सोडवायची असेल तर आधी पाणी बंद करून कॉलर, म्हणजे जोडणीच्या तोंडाची कडी, दाबून धरायची.