पुढची गाडी डिझेलची घ्यावी का?

आमची पेट्रोलवरची छोटी गाडी दहा वर्षांहून जुनी झाली आहे आणि आई, आम्ही दोघे व दोन मोठी झालेली मुले एवढी मंडळी सामानासह तिच्यात आता मावत नाहीत. त्यामुळे पुढची गाडी मोठी, उंच आणि डिक्की भरपूर असलेली घ्यायची, याबद्दल घरात एकमत आहे. मतभेद आहे तो इंधनाबद्दल. पत्नीला शहरात चालवायला सोपी अशी ऑटोमॅटिक हवी आहे, धाकट्याला इलेक्ट्रिकशिवाय काही दिसत नाही, आणि माझा ओढा पहिल्यापासून डिझेलकडे आहे. नुसत्या ओढ्यावर अठरा-वीस लाख रुपये घालवता येत नाहीत, म्हणून हा सगळा हिशोब एकदा लिहून काढतो आहे.

आमच्या पिढीच्या मनात डिझेल म्हणजे बचत हे समीकरण पक्के बसले, त्याला कारणही तसेच होते. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात लिटरमागे २० रुपयांहून जास्त अंतर होते आणि देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या असत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ते अंतर घटत गेले. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल इंजिने बंदच केली. छोट्या डिझेल गाडीत महागडी धूरशुद्धीकरण यंत्रणा बसवणे परवडणारे नव्हते. आज डिझेल मुख्यतः महिंद्रा, टाटा, ह्युंदाई, किया आणि टोयोटा यांच्या मोठ्या गाड्यांत उरले आहे.

मार्च २०२४ मधील कपातीनंतर नागपुरात पेट्रोल १०४ रुपयांच्या आणि डिझेल ९० ते ९१ रुपयांच्या आसपास स्थिरावले. म्हणजे फरक १३-१४ रुपयांचा. मध्यम आकाराच्या एसयूव्हीचे पेट्रोल इंजिन शहर आणि बाहेरगाव मिळून लिटरला १४ किलोमीटर आणि डिझेल इंजिन १८ किलोमीटर ॲव्हरेज देते असे धरले, तर किलोमीटरमागे पेट्रोलचा खर्च साधारण ७ रुपये ४० पैसे आणि डिझेलचा ५ रुपये येतो. वाचतात २ रुपये ४० पैसे. आता दुसरी बाजू. त्याच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांत एक्स-शोरूम किमतीत दीड लाखाचा फरक धरावा लागतो, आणि त्यावर महाराष्ट्रात रोड टॅक्सही वेगळा आहे. १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के, तर डिझेलवर १४ टक्के. साडेचौदा लाखांच्या पेट्रोल गाडीला हा कर १ लाख ७४ हजार होतो आणि सोळा लाखांच्या डिझेल गाडीला २ लाख २४ हजार. म्हणजे एकूण दोन लाख रुपये आधी मोजायचे आणि मग ते अडीच-अडीच रुपयांनी वसूल करायचे. त्यासाठी ८३ हजार किलोमीटर गाडी पळावी लागते. वर्षाला १५ हजार किलोमीटर झाले तर साडेपाच वर्षे लागतात, १० हजार झाले तर आठच्या वर. त्यात विम्याचा आणि सर्व्हिसिंगचा थोडा वाढीव खर्च धरलेला नाही.

एवढ्यावरून बहुतेक लोक एक सरळ नियम सांगतात: फिरणे जास्त असेल तर डिझेल, कमी असेल तर पेट्रोल. मला हा नियम आता अपुरा वाटतो. किलोमीटर किती यापेक्षा ते कसे झाले, हे आजच्या डिझेल गाडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, आणि शोरूममध्ये ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही.

बीएस-६ च्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ नावाची एक जाळी असते. इंजिनातून निघणारी काजळी ती अडवून धरते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी तापमान बरेच चढावे लागते. महामार्गावर गाडी सलग पळत असताना हे काम बऱ्याच अंशी आपोआप होत राहते. तसे झाले नाही, तर गाडीचा संगणक जादा डिझेल सोडून धूर ६०० अंशांच्या आसपास तापवतो आणि जाळी जाळून साफ करतो. याला दहा-वीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ गाडी बऱ्यापैकी वेगात चालत राहावी लागते. मध्येच सिग्नल, मध्येच घर आले आणि इंजिन बंद केले, की काम अर्धवट राहते. असे वारंवार झाले तर जाळी तुंबते, शिवाय न जळलेले डिझेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर ते चांगले लक्षण नव्हे. जाळी पूर्ण निकामी झाल्यास नवी बसवण्याचा खर्च सहज लाखाच्या घरात जाऊ शकतो.

माझ्या एका सहकाऱ्याकडे अशी गाडी आहे. त्रिमूर्ती नगर ते सिव्हिल लाइन्स आणि परत, एवढेच तिचे रोजचे जग होते. काही महिन्यांत डॅशबोर्डवर जाळीचा पिवळा दिवा लागला, तसे आम्ही दोघे धंतोलीकडच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट न उघडताच सांगितले, “साहेब, गाडी बिघडली नाही, हिले पळवा लागते.” मग आम्ही वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत निघालो. पाचव्या गिअरवर न जाता चौथ्याच गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या वर राहतील अशा बेताने गाडी चालवली. परतीच्या वाटेवर दिवा विझला. सहकारी खूश झाला. मला मात्र तेव्हा प्रश्न पडला की दर थोड्या दिवसांनी केवळ गाडीच्या प्रकृतीसाठी बुटीबोरीला जाऊन येणे यात बचत ती कोणती?

आमचे स्वतःचे फिरणे या कसोटीवर तपासले तर चित्र अगदी दुभंगलेले दिसते. मनीष नगरातून ऑफिस, आईला डॉक्टरकडे नेणे, धाकट्याची धरमपेठेतली शिकवणी, रविवारी कॉटन मार्केटची भाजी, हे सगळे आठ-दहा किलोमीटरच्या आतले, सिग्नल आणि खोदकामांतून वाट काढत होणारे फिरणे. इंजिन तापेपर्यंत मुक्काम येतो. दुसरीकडे यवतमाळला सासर, काटोलजवळ शेत आणि पुण्यात शिकणारी मुलगी, म्हणजे समृद्धीवरून लांबचा पल्ला. ही ७०१ किलोमीटरची नागपूर-मुंबई वाट ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुली झाली. आम्ही पुण्यासाठी तिचा संभाजीनगरपर्यंतचाच भाग वापरतो. तिच्यावर ताशी १२० ची मर्यादा पाळून तासन्‌तास एकसारखी गाडी चालते. डिझेल इंजिनासाठी याहून चांगला रस्ता कोणी मुद्दाम बांधला तरी होणार नाही. (उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर टायरचे काय होते, हा वेगळा विषय आहे, निघण्यापूर्वी हवा तपासल्याशिवाय मी त्या रस्त्याला लागत नाही.)

दुसरी नवी जबाबदारी म्हणजे डीईएफ, ज्याला सर्रास ॲडब्लू म्हणतात. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेले हे द्रावण धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी वापरले जाते. डिझेल गाड्यांची त्यासाठीची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती, ती बीएस-६ मध्ये ८० वर आली. एवढी घट साधण्यासाठी अनेक गाड्यांना या द्रावणाची वेगळी टाकी घ्यावीच लागली. निळ्या झाकणाच्या या टाकीतले द्रावण संपत आले की गाडी आधीपासून इशारे देते आणि तरी दुर्लक्ष केले तर एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. खर्च फार नाही, पण नागपूरकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे द्रावण उष्णतेत टिकत नाही. ३५ अंशांच्या वर त्याचे आयुष्य काही महिन्यांवर येते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात. त्यामुळे स्वस्त मिळाला म्हणून वीस लिटरचा कॅन गच्चीवर किंवा टिनाच्या शेडखाली ठेवून देणे व्यर्थ आहे. लागेल तेव्हा लागेल तेवढे घ्यावे. त्या सहकाऱ्याच्या गाडीच्या झाकणाभोवती मिठासारखे पांढरे खडे जमलेले मी पाहिले आहेत. ओल्या फडक्याने ते निघतात.

इतके असूनही माझा ओढा कायम का, याचे उत्तर चालवून पाहिल्यावर मिळते. क्रेटाचेच उदाहरण घ्या. तिच्या दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची आणि डिझेल इंजिनाची ताकद कागदावर जवळजवळ सारखी आहे, ११५ आणि ११६ पीएस. पण टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, पेट्रोलला १४४ न्यूटन मीटर तोही मिनिटाला ४,५०० फेऱ्यांना, आणि डिझेलला २५० न्यूटन मीटर अवघ्या १,५०० फेऱ्यांपासून. सौंसरच्या पुढे छिंदवाड्याच्या रस्त्यावर सिल्लेवानीचा घाट लागतो. पाच माणसे, भरलेली डिक्की आणि पूर्ण एसी अशा स्थितीत तिथे पुढच्या ट्रकला मागे टाकायचे, तर आमच्या सध्याच्या गाडीत एसी बंद करून दुसरा गिअर टाकावा लागतो आणि घरचे सगळे श्वास रोखून बसतात. डिझेलमध्ये तोच ट्रक गिअर न बदलता मागे पडतो. टर्बो पेट्रोल इंजिनेही हे करतात, हे मान्य आहे. पण भरल्या गाडीत पाय जड पडला की त्यांचे ॲव्हरेज झपाट्याने खाली येते. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, तेव्हा कंपनीचा आकडा हाती पडेलच असे धरू नये.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या हायब्रिड गाड्या शहरात उत्तम ॲव्हरेज देतात आणि ज्याचे ऐंशी टक्के फिरणे गावातच आहे त्याने डोळे झाकून तिकडे वळावे. सीएनजीचा विचार मी केला नाही, कारण २०२२ मध्ये आपल्या शहरात तो किलोला १२० रुपयांपर्यंत गेलेला मी विसरलो नाही, आणि डिक्कीच सिलिंडरने व्यापली तर मोठी गाडी घेण्याचा हेतूच संपतो. इलेक्ट्रिक गाडी धाकटा स्वतः कमावू लागेल तेव्हा घेईल.

डिझेलवर सरकारची वक्रदृष्टी आहे, ही भीती मात्र निराधार नाही. आपलेच खासदार नितीन गडकरी यांनी १२ सप्टेंबर २०२३ रोजी वाहन उत्पादकांच्या अधिवेशनात डिझेल गाड्यांवर आणखी १० टक्के जीएसटी लावण्याची मागणी अर्थमंत्र्यांकडे करणार असल्याचे सांगितले होते; त्याच दिवशी असा कोणताही प्रस्ताव सक्रिय विचाराधीन नसल्याचा खुलासाही त्यांनी केला. प्रत्यक्षात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० टक्क्यांवर आला, आणि त्यात डिझेललाही तोच लाभ मिळाला. दहा वर्षांनंतर डिझेल गाडी बाद, हा आदेश दिल्ली आणि परिसरापुरता निघाला होता. नागपुरात नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून वाढवता येते. तरीही दहा वर्षांनी ती विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळेल का, याची खात्री मी देणार नाही. जो चार-पाच वर्षांनी गाडी बदलतो त्याला ही चिंता फारशी नाही. आम्ही गाडी जीर्ण होईपर्यंत वापरणारे लोक आहोत.

या सगळ्याचा मेळ घालताना मी एका निष्कर्षाशी आलो, आणि तो घरात मान्य होताना दिसतो आहे. जुनी छोटी गाडी विकायची नाही. तिला बाजारात जी किंमत मिळेल त्याहून तिचा उपयोग जास्त आहे. शहरातले आठ-दहा किलोमीटरचे सगळे फिरणे तिच्यावर, किंवा पत्नीच्या स्कूटरवर, आणि नवी डिझेल गाडी मुख्यतः बाहेरगावसाठी. आठवड्यातून एकदा तिला काटोलच्या शेतावर न्यायचीच, म्हणजे जाळी साफ राहील आणि शेताकडेही लक्ष राहील. हे शक्य नसते, घरात एकच गाडी ठेवायची असती, तर मी डिझेलचा नाद सोडून दिला असता. सेकंड हँड डिझेल घेण्याचा विचारही याच कारणाने बाजूला ठेवला. आधीच्या मालकाने ती कशी चालवली हे मीटरवरून कळत नाही.

राहिला प्रश्न कोणती घ्यायची. स्कॉर्पिओ-एन दिसायला आणि रस्त्यावर बसायला मला फार आवडते, पण लॅडर फ्रेमवरची, म्हणजे ट्रकसारख्या शिडीवजा सांगाड्यावरची, ती गाडी इतकी उंच आहे की गुडघ्याचे दुखणे असलेल्या आईला शोरूममध्येच चढताना हात द्यावा लागला, आणि तिसरी रांग उघडल्यावर सामानाला जागा उरत नाही. इनोव्हा क्रिस्टा डिझेलमध्ये फक्त मॅन्युअल मिळते, तेव्हा पत्नीने ती यादीतून काढून टाकली. क्रेटा किंवा सेल्टोसचे डिझेल ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचे, म्हणजे तेलाच्या माध्यमातून जोर चाकांकडे पोचवणारे, आहे, बसण्याची उंचीही आईला सोयीची आहे. फक्त मागच्या सीटवर तीन मोठी माणसे पुण्यापर्यंत अवघडतील असे वाटते. एक्सयूव्ही ७०० चे डिझेल इंजिन या सगळ्यांत दमदार होते, पण तिचा ऑटोमॅटिक प्रकार आमच्या ठरवलेल्या रकमेच्या वर जात होता. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्ह म्हणून रिंग रोडवर एक फेरी मारून आणतात, तेवढ्याने माझे भागत नाही. क्रेटा आणि सेल्टोस या दोन्ही गाड्या पाचही जणांसह दुपारच्या उन्हात निदान सावनेरपर्यंत चालवू द्या, अशी विनंती मी केली आहे. एका शोरूमने होकार दिला आहे, दुसऱ्याकडून अजून फोन आलेला नाही.